पाचवा शब्द

"तिसरा शब्द इंदुमतीबाईंना," सुभेदार काळोखे म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. माझ्याकडे बघायचं टाळायचं असलं की ते चष्मा पुसत.

"आणि मला?"

"तुम्हाला पाचवा, सिस्टर."

"पाचवा?"

"तहानेचा. चांगला शब्द आहे."

चांगला! मी चादरींच्या गठ्ठ्यावरून उठलेच. शेजारच्या अन्नम्मानं माझा हात ओढून मला पुन्हा खाली बसवलं. तिला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझा चेहरा तिनं वाचला होता.

ही बासष्ट सालची गोष्ट. आपली फौज संयुक्त राष्ट्रांच्या कामावर काँगोत गेली होती आणि फौजेबरोबर आपलं एक इस्पितळही. त्या इस्पितळात मी लष्करी नर्स होते. प्रिस्किल्ला रणभिसे, मूळची नगरची. आम्हा ख्रिस्ती लोकांसाठी तिथे पाळक नव्हता. गावातल्या चर्चमध्ये सगळा कारभार फ्रेंचमध्ये. एकदा मी जाऊन बसले, 'आमेन' तेवढं ओळखीचं वाटलं, परत आले. मग काळोखेसाहेबांना गाठलं. ते इस्पितळाचं कोठार सांभाळत. सोलापूरकडच्या एका प्रचारकाचा मुलगा. त्यांना म्हटलं, साहेब, आपणच काहीतरी करू या.

पहिल्या रविवारी आम्ही दोघंच होतो. वॉर्डाला लागून कपड्यांचं कोठार होतं. मी चादरींचे गठ्ठे ओळीनं लावले, एका खोक्यावर पांढरा टॉवेल अंथरला आणि झालं आमचं देऊळ. टाळ नव्हते म्हणून ड्रेसिंगच्या स्टीलच्या किडनी ट्रेवर चमचा वाजवला. हळूहळू माणसं जमत गेली. केरळची अन्नम्मा आली, ऑपरेशन थिएटरमधला तमिळ हवालदार आला, वायरलेसवरचा पंजाबी मसीह आला. प्रत्येकजण आपापल्या भाषेत प्रार्थना करी. काळोखे म्हणत, "देवाला कळतं ना? मग आपल्याला कळायची घाई कशाला?"

घरापासून इतक्या लांब, त्या दमट हवेत आणि जखमांच्या वासात मला माणूस म्हणून उभं ठेवलं ते त्या कोठारानं. ते माझं होतं. मी उभारलेलं होतं.

आणि फेब्रुवारीत इंदुमती पारधे आली. जालन्याची. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, गालाला खळी, आणि आवाज असा की पहिल्याच रविवारी ती गायला लागली आणि मी किडनी ट्रे खाली ठेवला. आपोआप ठेवला गेला. नंतर कुणी मला तो पुन्हा उचलायलाही सांगितलं नाही. वायरलेसवाला मसीह, जो माझ्या गाण्याच्या वेळी बुटांच्या नाड्या सोडत-बांधत बसे, तो आता डोळे मिटून डोलायला लागला. जेवणाच्या तंबूत विचारणा व्हायची, "पारधे सिस्टर रविवारी ड्यूटीवर तर नाही ना?" माझ्याबद्दल असं कधी कुणी विचारलं नव्हतं. मी असायचेच.

स्वभावानं वाईट असती तर बरं झालं असतं. पण तसंही नाही. "प्रिस्का, तू मला किती सांभाळून घेतेस गं," असं म्हणून गळ्यात पडायची. मला तिचे केस ओढावेसे वाटत.

आता शब्दांचं सांगते, म्हणजे माझा जळफळाट कशासाठी ते कळेल. प्रभू येशू वधस्तंभावर असताना सात वेळा बोलला, त्यांना आम्ही सात शब्द म्हणतो. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन देवळात उपासना होते आणि सात जण उठून एकेका शब्दावर बोलतात. कुणाला कोणता शब्द यावरून आमच्या नगरला महिनाभर रुसवेफुगवे चालायचे. तिसरा शब्द सगळ्यांना हवा. त्यात तो आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवतो. बोलणारा बरा असला की बायका पदर डोळ्यांना लावतात. आणि पाचवा? त्यात तो फक्त तहान लागल्याचं सांगतो. तोवर दोन वाजायला आलेले असतात, लोक सकाळपासून उपाशी, पोरं किरकिरायला लागलेली, निम्म्या बायका त्यांना घेऊन नळाकडे गेलेल्या. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांच्या वाट्याला जन्मभर पाचवाच यायचा. आई घरी आल्यावर म्हणायची, "तुमच्या शब्दाला देवळात फक्त बाकं होती."

ती आई मागच्या पावसाळ्यात गेली. तार माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तिला माती देऊनही झाली होती. मी कोठारात जाऊन चादरी मोजत बसले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. तेव्हाच ठरवलं होतं, यंदा तिसरा शब्द मी तिच्यासाठी बोलणार. ईस्टरआधीचा सगळा उपासाचा काळ मी मनात तो जुळवत होते. इंजेक्शनच्या सुया उकळताना, ताप मोजताना.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे उत्तम शुक्रवारच्या आधीच्या रविवारी, शब्द वाटले गेले आणि तिसरा इंदूच्या पदरात पडला.

सगळे पांगल्यावर मी काळोखेसाहेबांना अडवलं. "साहेब, माझं काय चुकलं?"

"चुकायचं काय त्यात?"

"गेल्या वर्षी तिसरा माझ्याकडे होता."

"म्हणूनच. देऊळ काय आपल्या एकट्याच्या नावावर असतं?"

"हे देऊळ कुणी सुरू केलं?"

त्यांनी चष्मा पुसला. "बाई, तुम्ही रागावलात की अगदी नगरच्या होता," एवढंच म्हणाले आणि ब्लँकेटं मोजायला वळले.

इंदू रात्रीच्या जेवणाला माझ्याशेजारी येऊन बसली. "प्रिस्का, तुला हवा होता का गं तिसरा? मी सांगते साहेबांना."

"छे! मला काय करायचाय? तुझा आवाज चांगला आहे, लोकांना ऐकू तरी येईल."

"अगं, गायचं नाहीये, बोलायचंय."

"तुझं बोलणंही गाणंच असतं," मी म्हणाले. तिला ते कौतुक वाटलं.

गुरुवारी आपला एक ट्रक उतारावर उलटला. ड्रायव्हरच्या पोटावर स्टिअरिंग बसलं होतं. आमच्या सर्जन मेजरसाहेबांनी बराच वेळ खपून त्याचं आतडं शिवलं. नाईक रंगराव खाडे, माणदेशातला, दहिवडीजवळचा. मेट्रननं शुक्रवारी मला त्याच्याजवळ बसवलं. म्हणाली, त्याची भाषा तुला येते.

मी म्हटलं, "मेट्रन, दुपारी माझा शब्द आहे."

"पारधेचा आधी आहे ना? तिचं झालं की ती येऊन तुला सोडवेल."

म्हणजे इथेही आधी पारधे.

मेजरसाहेबांनी बजावून ठेवलं होतं, "पाण्याचा थेंब नाही. आतडं बोलायला लागेपर्यंत, पोटात गुडगुड ऐकू येईपर्यंत नाही. तो मागेल, शिव्या देईल, रडेल. द्यायचं नाही." तेव्हा तसंच असे. नाकात नळी, दंडात सलाइन, आणि तोंड कोरडं.

बारा वाजता पलीकडे गाणं सुरू झालं. वॉर्ड आणि कोठार यांच्यामध्ये पातळ पत्र्याची नुसती एक भिंत होती, सगळं ऐकू येई. इकडे खाडेला जाग आली.

"बाई."

"बोला."

"पाणी."

"आत्ता नाही. पोटाचं ऑपरेशन झालंय तुमचं."

"घोटभर."

"घोटभरही नाही."

त्यानं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "आमच्या माणात पाऊस नसतोय, बाई. पर दारात परका आला तर आधी तांब्या देत्यात, मग नाव इचारत्यात. तुमी कुठल्या?"

"नगरची."

"मग तर आपल्यातल्याच की! द्या की मग."

मी एका वाटीत उकळून गार केलेलं पाणी घेतलं. गॉजचा बोळा केला, चिमट्यात धरला, पाण्यात बुडवून पिळला आणि त्याच्या ओठांवरून फिरवला. ओठ भेगाळलेले होते. त्यानं जीभ बाहेर काढली. मी जीभही ओली केली. तेवढीच मुभा होती.

पलीकडे इंदू उभी राहिली. तिचा आवाज पत्र्यातून असा आला, जणू माझ्या खांद्याशीच ती उभी आहे. ती एका बाईबद्दल बोलत होती. आपलं माणूस डोळ्यांसमोर तळमळतंय आणि नुसतं उभं राहण्याखेरीज तिला काही करता येत नाही, अशा बाईबद्दल. मराठीत बोलत होती. थोड्या वेळानं कुणाचं तरी हुंदकणं ऐकू आलं. मी ओळखलं, अन्नम्मा! मराठीचा एक शब्द न कळणारी अन्नम्मा! मग मसीहचं नाक शिंकरणं ऐकू आलं. माझ्या आईसाठी जुळवलेलं सगळं माझ्या मनात तसंच पडून होतं, आणि तिकडे इंदूच्या आईसाठी, जी जालन्यात धडधाकट होती, केरळ आणि पंजाब रडत होते.

"बाई, वाटीत पाणी हाय," खाडे म्हणाला. "मला दिसतंय. वाटीच द्या की."

"देता येत नाही."

"तुमच्या पाया पडतो."

मी बोळा पुन्हा बुडवला. ह्या वेळी त्यानं तो दातांत धरला. पाणी चोखायला लागला. मला तो ओढून काढावा लागला. तेव्हा त्याचा तोल गेला. "वैरीण हायस का तू? बाई हायस का दगड? माझ्या म्हशीला बी मी असं तरसवलं नाही!" शेजारच्या खाटांवरचे पेशंट माना वळवून बघायला लागले. मी बोळा बुडवायची, पिळायची, ओठांवर फिरवायची. बुडवायची, पिळायची, फिरवायची. शिव्या थांबल्या. त्याला ताप चढत होता. मग त्यानं माझं मनगट पकडलं आणि म्हणाला, "आये, जाऊ नको."

"नाही जात."

"आये, रांजणातलं दे. गार असतंय."

मी बोळा फिरवला.

पडदा सरकला. इंदू दारात उभी होती. डोळे लाल, चेहरा असा उजळलेला की बघवेना. "चल, ऊठ. चौथा सुरू झालाय, तमिळमध्ये आहे, लवकर संपेल. पुढचा तुझाच. आण तो चिमटा."

तिनं हात पुढे केला.

माझा शब्द पत्र्यापलीकडे माझी वाट बघत होता. मनात म्हटलं असेल का, की ह्या माणसाला सोडून जाऊ नये? नाही. माझ्या मनात आलं ते हे की तिसरा घेतलास, गाणं घेतलंस, माझी माणसं घेतलीस, आता हा चिमटाही तुझ्या हातात देऊ? आणि मग हा माझ्या मनगटाऐवजी तुझं मनगट धरेल, तुला आई म्हणेल?

"नाही," मी म्हणाले. "माझा पेशंट आहे. तू जा."

"अगं, पण तुझा शब्द?"

"तू जा ना इंदू!"

ती गेली नाही. उभी राहिली. मी बोळा बुडवला, पिळला, चिमट्यानं वर उचलून त्याच्या ओठांना लावला. इंदूनं तोंडावर हात घेतला. मग तशीच मागे मागे सरत बाहेर गेली.

पलीकडचं तमिळ थांबलं. मग इंदू बोलली, मोडक्यातोडक्या हिंदीत, सगळ्यांना कळावं म्हणून. चार-पाच वाक्यं असतील. मला एकच नीट ऐकू आलं: "पाँचवाँ शब्द उधर वार्ड में चालू है।" त्यानंतर कुणीच बोललं नाही. सहाव्या शब्दाला काळोखे उभे राहिले ते इतक्या उशिरा की मला वाटलं, उपासना संपलीच.

संध्याकाळी अन्नम्मा माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "इंदू ने तुम्हारा बताया। सब लोग रोया। बहुत अच्छा बताया इंदू ने।"

म्हणजे माझा शब्दही शेवटी तिनंच सांगितला, आणि छान सांगितला!

काळोखेसाहेब कोठाराच्या दारात भेटले. चष्मा हातात होता, पण पुसत नव्हते. म्हणाले, "बाई, तिसरा मी तुमच्याकडून मुद्दाम काढला. तार आली तेव्हा तुम्ही चादरी मोजत होता ना? सारख्या चुकत होता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. मी बाहेर उभा होतो. आईच्या शब्दावर तुम्हाला सगळ्यांसमोर उभं करायला मन झालं नाही."

"मला विचारायचं तरी होतं, साहेब."

"हो. विचारायला हवं होतं."

ईस्टरच्या पहाटे इंदूची ड्यूटी होती. कोठारात गाणं मी म्हटलं. किडनी ट्रेही मीच वाजवला. मसीह चक्क डोलला. खूप दिवसांनी माझा गळा मोकळा झाला होता. शेवटचं कडवं चालू असताना एक वॉर्डबॉय दारात येऊन खुणा करत होता. मी मानेनंच त्याला थांबवलं, कडवं पुरं केलं, वर आणखी एकदा म्हटलं. मग वॉर्डात गेले.

खाडे उशीला टेकून बसला होता. मेजरसाहेब स्टेथोस्कोप कानातून काढत होते. आतडं बोललं होतं. इंदूच्या हातात चमचा होता आणि खाडे डोळे मिटून, तोंडात पाणी घोळवत, ते गिळायची घाई न करता, हसत होता.

"तुला बोलवायला पाठवलं होतं," इंदू घाईघाईनं म्हणाली. "मेजरसाहेब थांबेनात गं."

"असू दे," मी म्हटलं.

दोन-तीन आठवड्यांनी खाडेला मायदेशी पाठवायचं ठरलं. त्याला स्ट्रेचरवर घेतलं, ब्लँकेट मी खोचत होते. आता तो बरा दिसत होता, दाढी केली होती. इंदू निरोप द्यायला आली तशी त्यानं दोन्ही हात जोडले.

"ताई, तुमी पाणी पाजलंत म्हणून हा खाडे जगला. पोरगी झाली तर तुमचं नाव ठेवीन."

"अहो, मी कसलं..."

"न्हाई, न्हाई. मला सगळं याद हाय. ती दुसरी एक होती बघा, दुपारची. वाटी हातात धरून बसली, पर घोट देईना. लई निर्दय. तिला कुणी शिकिवलं काय की! तुमी आलासा म्हणून."

मी त्याच्या पायाकडचं ब्लँकेट सारखं केलं. त्याच्या चेहऱ्यापासून दोन हातांवर उभी होते मी. त्यानं माझ्याकडे बघितलंही, आणि "बास बाई, लई गरम हुतंय," असं म्हणाला.

इंदूनं तोंड उघडलं. मी ब्लँकेटच्या आडून तिच्या पायावर पाय दिला, आणि अगदी हलका दिला असं म्हणणार नाही.

गाडी गेल्यावर ती माझ्यावर उखडली. "का गप्प केलंस मला? किती वाईट वाटलं माहितीय? मी एक चमचा दिला, एक! त्या दुपारी दारात उभी राहून मी बघितलंय, तो तुझा हात सोडत नव्हता. इतकी लोकं माझ्यासाठी रडली होती आणि मला तुझा हेवा वाटत होता."

"माझा?"

"मग? मी बोलून आले होते. तू..." तिला शब्द सापडेना. इंदूला शब्द सापडेना, हे मी प्रथमच बघत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

"इंदू, प्रभूला तहान लागली तेव्हा त्याच्या तोंडाला स्पंज लावला ना, वधस्तंभापाशी? आंबट द्राक्षारसात बुडवून, काठीवर धरून?"

"हो. मग?"

"लावणाऱ्याचं नाव काय होतं?"

मनातल्या मनात चारही शुभवर्तमानं चाळताना तिचे ओठ हलत होते. "नाव... दिलेलं नाहीये."

"मग," मी म्हटलं, "चल, मेट्रन वाट बघतेय."

त्यानंतर नगरच्या देवळात मी कितीतरी वर्षं शब्द बोलले. प्रत्येक वेळी पाचवाच मागून घेतला. माझ्या शब्दालाही बायका पोरांना घेऊन नळाकडे जातातच.

इंदू गेल्या उन्हाळ्यात गेली. तिच्या अंत्यविधीला मी जालन्याला गेले होते. देऊळ गच्च भरलेलं. तरुण पाळकसाहेब बोलायला उठले. त्यांनी तिच्या आवाजाबद्दल सांगितलं, ते खरंच होतं. मग म्हणाले, "आणि परदेशात, युद्धभूमीवर, तहानेनं तळमळणाऱ्या एका जवानाला सगळ्यांनी नाकारलं तेव्हा ह्या माउलीनं पाणी पाजलं. आज त्या जवानाच्या मुलीचं नाव इंदुमती आहे." लोकांतून हुंदके आले. दुसऱ्या बाकावर मी बसले होते. माझा अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर घट्ट आवळली गेली होती, चिमटा धरावा तशी. ह्या वयातही मला तिचे केस ओढावेसे वाटले. मान वर करून बघितलं तर समोर तिचा फोटो, गालाला खळी पडलेली.

शेजारच्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "रणभिसे सिस्टर, रडताय?"

"नाही हो," मी म्हटलं. "तहान लागलीय."